गाडीची ज्ञानेंद्रियं

आमच्या सरांकडे चहा घ्यायचा असेल तर आधी एक प्रश्न विचारणं शहाणपणाचं होतं. या पातेल्यात याआधी काय उकळलं होतं?

पहिल्या खेपेला मी तो विचारला नाही. नोकरीला लागून मला आठवडा झाला होता. वर्तकनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी पाहुणा म्हणून बसलो होतो आणि पाहुण्याने करायचं ते केलं. बशीत चहा ओतला, भुरका मारला. मी मराठीचा शिक्षक, शब्दांवर माझं पोट चालतं. पण त्या चवीला अजून मला शब्द सापडलेला नाही.

"कसा झालाय?" सरांनी उभ्याउभ्याच विचारलं. ते बसत नसत.

"वेगळा आहे."

"डिझेल," ते खुशीत म्हणाले. "किंचितच. सकाळी त्यात ज्ञानेंद्रिय उकळलं होतं."

स्वयंपाकघरातून काकूंचा बारीक, टोकदार आवाज आला, "हिरव्या काठाचं पातेलं इंजिनाचं आणि साधं माणसांचं! किती वेळा सांगायचं?"

सरांनी तिकडे मानसुद्धा वळवली नाही. मला वाटलं, तीस वर्षांच्या संसारात नवरा एवढा तयार होत असेल.

आता ज्ञानेंद्रियाचं सांगतो. हल्ली ज्याला सगळे सेन्सर म्हणतात, त्याला तेव्हा गॅरेजवाले सरसकट स्विच म्हणायचे. इंजिन किती तापलं ते सांगणारा एक पितळी खिळा, ऑइलचा दाब गेला की दिवा लावणारी एक डबी, टाकीत डिझेल किती उरलं ते सांगणारा एक तरंगता गोळा. एवढाच संसार. पण सर विज्ञानाचे शिक्षक. त्यांच्या मते हे गाडीचे डोळे, कान आणि त्वचा. "इंजिन म्हणजे नुसती ताकद रे," ते म्हणत. "बैलालाही असते. ज्ञानेंद्रियं शाबूत तर गाडी शाबूत."

आणि त्यांच्या गाडीचं एकही ज्ञानेंद्रिय शाबूत नव्हतं.

ती एक जुनी डिझेल व्हॅन होती. सरांच्या आधी ती एका बेकरीची होती. निळ्या रंगाखालून 'ताजे पाव' ही अक्षरं उन्हात तिरकं पाहिलं की वाचता येत आणि पावसाळ्यात पत्र्याला अजून खमिराचा वास सुटे. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, एका लोखंडी झाकणाखाली. त्या गाडीतून आम्ही चार शिक्षक रोज सकाळी ठाण्याहून कल्याणच्या शाळेत जायचो. सर चालवायला. शेजारी, झाकणाच्या पलीकडे, मी. मागे कळव्याला चढणाऱ्या गणिताच्या बाई आणि चेंदणी कोळीवाड्यातला आमचा पीटीचा शिक्षक. त्याच्या घरची मासेमारीची होडी होती, म्हणून त्याला सगळी शाळा नाखवा म्हणे. त्याचा डबा उघडण्याआधीच ओळखू यायचा.

गाडीत नियम एकच, पण कडक. गाडीत बसलेल्याने गाडीबद्दल बोलायचं नाही.

हा नियम कशातून आला ते ऐका. एकदा मुंब्र्याच्या वळणावर बाई सहज म्हणाल्या, "सर, काहीतरी जळल्याचा वास येतोय." मी ते सरांना परत सांगितलं. सरांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, झाकण उघडलं, पाऊण तास एकेक वायर तपासली. शेवटी निष्पन्न झालं की वास नाखवाच्या डब्यातल्या भाजलेल्या सुकटीचा होता. आम्ही दुसऱ्या तासाला शाळेत पोचलो. सरांनी त्या दिवशी जाहीर केलं, "यापुढे गाडीचं गाडी सांगेल. माणसांनी मध्ये पडू नये. ऐकीव माहितीवर मी काम करत नाही."

ऐकीव माहितीवर! आज ते वाक्य आठवलं की मला हसावं की गप्प बसावं ते कळत नाही.

नवा स्विच विकत आणणं सरांना मान्य नव्हतं. हा कंजूषपणा नव्हता, तत्त्व होतं. "नवा आणला तर जुना का बिघडला हे कसं कळणार?" म्हणून ऑइलची डबी बिघडली की ते तिची दुमडलेली कड छिन्नीने अलगद उलगडायचे, आतला संपर्काचा ठिपका पॉलिशपेपरने घासायचे आणि फाटलेला पडदा बदलायचे. तो पडदा कशाचा करावा यावर त्यांनी तीन महिने घालवले. सायकलच्या ट्यूबचा केला, तो ऑइलने फुगला. फुग्याचा केला, तो विरघळला. शेवटी कुठल्याशा भंगार गाडीच्या पेट्रोल पंपातला रबरी कापडाचा पडदा सापडला. तो गोल कापून बसवला, कड परत दुमडली, वरून डाग दिला. त्या दिवशी त्यांनी शाळेत सातवी, आठवी आणि नववी या तिन्ही इयत्तांना 'दाब' हा एकच धडा शिकवला. सातवीला तो नव्हताच.

तापमानाचा खिळा दुरुस्तीला काढला होता, त्या तीन आठवड्यांत त्या जागी माझा तळहात बसवण्यात आला. अगदी शब्दशः. इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून मी सांगायचं.

"हात?" सर दर पाच मिनिटांनी विचारत.

"कोमट, सर."

"कोमट हा आकडा नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला घरी नेलं, शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर काढला, चार स्टीलच्या भांड्यांत चार तऱ्हेचं गरम पाणी ओतलं आणि माझा तळहात प्रमाणित केला. चाळीस म्हणजे बाळाची आंघोळ. पन्नास म्हणजे नुकती उतरलेली भाकरी. साठला हात आपोआप मागे येतो. "साठला मागे आला ना? उत्तम! ज्ञानेंद्रिय चालू आहे," म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. मागच्या सीटवरून नाखवा रोज चिडवायचा, "काय रे, आज भाकरी का बाळ?"

नाखवाला या सगळ्याची गंमत वाटे. "आमच्या होडीला काटा नाय नि दिवा नाय," तो मला बाजूला घेऊन सांगे. "बाबा कानानं चालवतो. इंजिन जरा वेगळं बोललं की बाबा जेवता जेवता उठतो. हे सर एवढे शिकलेले, यांना एवढे दिवे कशाला लागतात?"

प्रश्न बरोबर होता. मला तो बरेच दिवस पडलाच नाही.

सरांचं वर्गातलं वागणंही असंच. ते खुर्चीवर बसत नसत, फळ्यापाशी थांबत नसत. बाकांच्या ओळींमधून सारखी येरझार. प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्या मुलाच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे, नजर त्याच्या तोंडावर. मुलं थरथरायची. सरांना फसवता येत नाही असा त्यांचा लौकिक होता, कारण एवढ्या जवळून कोणाला खोटं बोलता येतं? स्टाफरूममध्येही तेच. हातात स्क्रू ड्रायव्हर, नाहीतर पॉलिशपेपरचा तुकडा. कुणी बोलायला लागलं की हे उठून त्याच्या समोर. मला त्यांच्याजवळ बसलं की माझेच पाय हलायला लागायचे. हा माणूस एक मिनिट शांत का बसत नाही, असं मी काकूंना एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "बसले की हरवतात." मला अर्थ कळला नाही. काकू कधीकधी कवितेसारखं बोलतात असं समजून मी सोडून दिलं.

माझ्याशी मात्र त्यांचं छान जमायचं. माझा आवाज भसाडा. शाळेच्या स्नेहसंमेलनात राक्षस, राजा, यमदूत ही सगळी कामं मी वर्षानुवर्षं याच आवाजावर मिळवली. सर म्हणत, "तू बोलतोस ते कसं स्वच्छ असतं. बाकीचे पुटपुटतात."

मग बझरचं प्रकरण झालं. आणि ते मीच केलं, हे आधीच कबूल करतो.

सकाळी शीळफाट्यावरून वळलं की ऊन सरळ डॅशबोर्डावर यायचं आणि ऑइलचा लाल दिवा लागला तरी दिसायचा नाही. मला त्याची धास्ती. म्हणून मी कल्याणात रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानातून एक छोटा काळा बझर आणला. बटाट्याच्या कापाएवढा. दिव्याच्या वायरीलाच तो जोडायचा. दिवा लागला की हा वाजणार. सरांना कल्पना फार आवडली. घरच्या टेबलावर त्यांनी तो बॅटरीला जोडला.

काय सांगू! कानात दाभण घालावं तसा तो किंचाळायला लागला. काकू कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. शेजारच्या बिऱ्हाडातला कुत्रा भुंकू लागला.

सर शांतपणे माझ्याकडे बघत होते. "जोडलाय ना नीट?" त्यांनी विचारलं.

त्यांनी बझरवर बोट टेकवलं. बोटाला थरथर लागली, आणि त्यांचा चेहरा खुलला. "वाजतोय की! छान. दणदणीत आहे."

मी काकूंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. 'बसले की हरवतात' याचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

जिन्यापर्यंत सोडायला काकू आल्या. "बारीक आवाज गेलेत त्यांचे," त्या म्हणाल्या. "माझा गेला, शाळेच्या घंटेचा गेला, मुलांचा गेला. जाड तेवढं ऐकू येतं. गाडीचं पोट कळतं, दात वाजलेले कळत नाहीत. म्हणून ते सगळे दिवे नि काटे. तुम्ही कुणाला बोलू नका. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. चित्रकलेच्या सरांना चष्म्याचा नंबर वाढला म्हणून संस्थेने घरी बसवलं, तुम्ही बघितलंत ना? यांना वर्गातून काढलं तर हे काय करतील? घरात आता खोलायला काही उरलेलं नाही. माझं शिवणयंत्र त्यांनी तीनदा जोडलंय."

त्या दिवसापासून मी चोरासारखा जगायला लागलो. सरांना कुणी पाठीमागून हाक मारली की आधी मीच वळून बघायचो. स्टाफरूममध्ये बाईंनी त्यांना काही विचारलं की मी मध्येच तेच वाक्य माझ्या भसाड्या आवाजात पुन्हा म्हणायचो. "सर, बाई विचारतायत, चाचणी कधी?" बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, तुम्ही काय माझा लाउडस्पीकर आहात का?"

गाडीत मात्र सगळं ठाकठीक बसलं होतं. मी शेजारी बसणार. बझर वाजला की मी इंजिनाच्या झाकणावर दोन थापा मारणार. सर त्यावर कधी काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. फक्त बझर गाडीत बसवल्यावर ते म्हणाले, "तू रोज तिथंच बसत जा." बस्स. एवढंच आमचं बोलणं.

आणखी एक गोष्ट याच सुमाराची. डिझेलचा काटा अर्ध्या टाकीवर आला की वेड्यासारखा उड्या मारायचा. एका रविवारी सरांनी टाकीतला तो गोळा दांडीसकट बाहेर काढला आणि मला दाखवला. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक पितळी जीभ असते, ती एका बारीक तारेच्या गुंडाळीवरून वरखाली घसरते. ती तार मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती.

"बघ," सर म्हणाले. "आपण रोज अर्धी टाकी ठेवून चालतो, म्हणून मधेच झिजली. लोक म्हणतात, गेला, फेका. अरे, तार सगळी झिजत नाही. रोज जिथून जातो तेवढीच झिजते." त्यांनी चिमट्याने ती जीभ सुताभर वाकवली. आता ती झिजलेल्या रेघेच्या शेजारच्या, कोऱ्या तारेवर टेकत होती. "झालं. आपण जरा बाजूला सरकायचं."

दांडी त्यांनी हाताने वरखाली केली. काटा लोण्यासारखा सरकला.

आता खडवली.

एका शनिवारी खडवलीजवळच्या एका गावातल्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. आमचे हेडमास्तर प्रमुख पाहुणे आणि सर परीक्षक. नेहमीच्या दिवशी हेडमास्तर आमच्या गाडीत बसत नसत. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याचा आवाज! पितळी वाटीवर चमचा आपटावा तसा. प्रार्थनेनंतर ते सूचना द्यायला लागले की मागच्या रांगेतली मुलं तोंडावर हात ठेवून त्यांची नक्कल करायची. सरांनी त्यांचं एक वाक्य तरी ऐकलं असेल का, कोण जाणे. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो की हेडमास्तर मागे बसतील.

"पाहुण्यांनी पुढे बसावं," सरांनी स्वतःच दार उघडलं.

झालं. माझी जागा गेली. मी मागे, बाई आणि नाखवाच्या मध्ये. हेडमास्तरांनी बसल्या बसल्या भाषणाची जाड फाइल काढली आणि पाठ करायला सोपं जावं म्हणून डॅशबोर्डावर उभी करून ठेवली. बरोबर लाल दिव्यासमोर.

टिटवाळा मागे पडलं. रस्ता म्हणजे खडी आणि खड्डे. एका खड्ड्यात गाडीच्या पोटाला खालून दगड लागला, धाडकन. सरांनी मान हलवली, जाड आवाज होता, त्यांना कळला. पण गाडी पुढे नेली. काटे जागेवर होते. ताप ठीक. डिझेल ठीक. दिवा? दिव्याच्या जागी भाषण होतं.

थोडं पुढे एका वळणावर बझर चिरकला. टीं. बंद. पुढच्या वळणावर पुन्हा. टीं टीं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. नाखवा कुजबुजला, "सरांना माहीत असेल." नियम ना! गाडीत बसलेल्याने गाडीबद्दल बोलायचं नाही. तीन सुशिक्षित माणसं मागे बसून, इंजिन मरतंय हे कानांनी ऐकत, शिस्तीत गप्प.

मग तो थांबेचना. टींऽऽऽऽ.

हेडमास्तर वळले. "सर, हे काय वाजतंय?"

सरांना त्यांचे ओठ हललेले दिसले. "हो हो," ते हसून म्हणाले, "वेळेत पोचू."

हेडमास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग बझरच्या दिशेने. मग पुन्हा त्यांच्याकडे. मला ती नजर दिसत होती. ओरडून 'सर, बझर' म्हणावं? म्हणजे सरांना बझर ऐकू येत नाही हे मीच जाहीर करणार. न ओरडावं? इंजिन जाम होणार, सरांची सगळी ज्ञानेंद्रियं त्याच्याबरोबर जाणार, आणि मग हेडमास्तर विचारणारच की एवढं वाजत असताना तुम्ही चालवत कसे होता. दोन्हीकडून दोन वर्षं बुडत होती. झाकण माझ्या हातापासून दोन हात लांब.

मी उभा राहिलो. व्हॅनमध्ये उभं राहता येत नाही, म्हणून कमरेत वाकून उभा राहिलो. पत्र्यावर पाय आपटला. आणि बेंबीच्या देठापासून, आजवरच्या राक्षसांचं सगळं पुण्य पणाला लावून गर्जना केली,

"सारथ्याऽऽ! रथ रोऽऽक!"

माझा शब्द पुरा व्हायच्या आत सरांचा पाय ब्रेकवर होता. गाडी थांबली, फाइल उडाली आणि हेडमास्तरांच्या मांडीवर पडली. तिच्या मागे लाल दिवा, डोळ्यासारखा उघडा.

सरांनी दिव्याकडे बघितलं. इंजिन बंद केलं. बझर वाजतच होता, किल्ली अर्धीच फिरली होती म्हणून. त्यांनी हात लांब करून बझरवर बोट टेकवलं. थरथर. मग त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना एक क्षण स्थिर बसलेलं बघितलं ते तेव्हा.

"हे काय होतं?" हेडमास्तरांनी मला विचारलं.

"स्नेहसंमेलनाची तालीम, सर," मी म्हणालो. "मध्येच आठवलं."

"रस्त्यात?"

"भूमिका अंगात आली की जागा बघत नाही."

बाईंनी पदर तोंडाला लावला. नाखवा तोवर गाडीखाली गेला होता. "सर! चेंबरचा बोल्ट गेलाय. सगळं ऑइल रस्त्यावर." मागे बघितलं तर वळणापासून आमच्यापर्यंत काळी रेघ आली होती.

सर धोतर असतं तर खोचून गेले असते. पँट होती, तशीच घेऊन गाडीखाली घुसले. त्यांच्या सीटखाली ऑइलचा डबा कायम असायचा. नाखवाने कुठूनसा बोल्ट शोधून त्याला सुतळी गुंडाळली. दोघं खाली पडून खाटखूट करत होते. आणि मग गाडीखालून सरांचा आवाज आला, लहान मुलासारखा.

"अरे, चालला! माझा पडदा चालला! बरोबर वेळेवर दिवा लावला त्याने!"

मी वाकून बघितलं. त्यांच्या तोंडावर ऑइलचे शिंतोडे, आणि हसू. मग ते हसू जरा आत गेलं.

"किती वेळ वाजत होता?" त्यांनी हळू विचारलं.

"आत्ताच लागला, सर."

"खोटं बोलू नकोस. एवढ्या जवळून कळतं मला."

मी पाना पुढे केला. त्यांनी बोल्ट आवळला.

प्रदर्शनात पोचलो तेव्हा सरांचा अवतार बघून दारातल्या पोरांना वाटलं हाही एक प्रयोगच आहे. पण त्यांनी परीक्षण चोख केलं. एका लहान मुलीने पाण्याच्या चाकाचा नमुना केला होता. ती इतकं पुटपुटत होती की मलाही धड ऐकू येईना. सर तिच्यासमोर उकिडवे बसले, चेहऱ्यासमोर चेहरा, आणि तिचं सगळं शेवटपर्यंत बघितलं. हो, बघितलं. मग असा एक प्रश्न विचारला की मुलगी एकदम फुलून बोलायला लागली.

हेडमास्तर खांबाला टेकून हे बघत होते. फाइल त्यांच्या काखेत होती. भाषणाची वेळ आली तेव्हा त्यांनी ती उघडली नाही. दोन वाक्यं बोलून खाली बसले.

परतीच्या वाटेवर ते आपणहून मागे बसले. मला म्हणाले, "तुम्ही पुढे बसा. तुमची जागा ती." कल्याणपर्यंत मी झाकणावर हात ठेवून बसलो होतो. भाकरी.

रविवार मी कसा काढला ते विचारू नका. सोमवारी संस्थेची बैठक होती. सकाळी गाडीत मी सरांकडे बघेना, सर माझ्याकडे बघेनात. त्यांनी वाटेत प्रत्येक काट्यावर टिचक्या मारल्या, आठ-आठ, दहा-दहा.

मधल्या सुट्टीत हेडमास्तर स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. सर खिडकीपाशी पाठमोरे, पॉलिशपेपरने काहीतरी घासत. आम्ही सगळे उठलो. ते तेवढे उठले नाहीत. उठणार कसे?

आता ती चमच्याची वाटी वाजणार आणि सगळ्यांसमोर सगळं संपणार, असं मला वाटलं. मी घसा साफ केला, राक्षस तयार ठेवला.

पण हेडमास्तर आत आले. टेबलाला वळसा घालून सरांच्या समोर, खिडकीच्या उजेडात जाऊन उभे राहिले. हनुवटी छातीला टेकवली. आणि पोटातून, एखाद्या बुवासारख्या खालच्या पट्टीत, अडखळत म्हणाले, "सर. दहावी ब चा. शेवटचा तास. घ्याल का?"

अख्खी स्टाफरूम चमकून त्यांच्याकडे बघायला लागली. बाईंच्या हातातला खडू पडला.

"घेतो की," सर म्हणाले. "आणि तुम्ही सांगितलंत ते स्वच्छ कळलं."

हेडमास्तरांनी मान डोलावली आणि गेले. त्या दिवसापासून सरांशी बोलताना त्यांचा आवाज तसाच निघे. बाकीच्यांसाठी वाटी-चमचा, सरांसाठी बुवा. बैठकीत काय झालं, काही झालं की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही.

त्या संध्याकाळी घरी परतताना नाखवा आणि बाई मागे डुलक्या घेत होते. शीळफाटा गेला. मुंब्र्याचा डोंगर आला. सरांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं,

"हेडमास्तरांचा घसा बसलाय का रे?"

"हो, सर," मी माझ्या जाडात जाड आवाजात म्हणालो. "जुनाट दुखणं दिसतंय. दोन वर्षं तरी जाणार नाही."

त्यांनी डिझेलच्या काट्यावर एक टिचकी मारली. काटा अर्ध्यावर स्थिर होता. कळव्याचा पूल दिसायला लागला तेव्हा म्हणाले,

"औषध घेऊ नका म्हणावं."